१८ हजारांची ॲक्टिव्हा आणि काकांची सही

*नमस्कार. मी साताऱ्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. पगार १६ हजार. दुपारपाळी असली की सुटायला रात्रीचे साडेनऊ होतात आणि तेव्हा रिक्षावाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात. आमच्या सोसायटीतल्या काकूंकडे २०११ ची ॲक्टिव्हा आहे. काका दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती पार्किंगमध्ये उभीच आहे. चालू होत नाही. काकू १८ हजार म्हणतात. मला हाताने कामं करायला आवडतात, घरातला मिक्सर, इस्त्री मीच उघडते. व्हिडिओ बघून गाडीही घरीच दुरुस्त करेन म्हणते. भाऊ म्हणतो, जुनं लोढणं गळ्यात बांधून घेण्यापेक्षा हप्त्यावर नवी घे. एजंट म्हणतो, पाचशे जादा द्या, काकांच्या सहीचे फॉर्म मी 'करून' आणतो. घेऊ का गाडी? आणि घरी काय काय जमेल? आरसीचा फोटो सोबत पाठवते.*
*– र., सातारा*

र.,

तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकली ती एजंटच्या पाचशे रुपयांची गोष्ट, म्हणून आधी तिचा निकाल लावते. गेलेल्या माणसाची सही 'करून' आणणं म्हणजे बनावट सही, आणि तो फौजदारी गुन्हा आहे. उद्या काही निघालं तर एजंट हात वर करेल आणि अडकाल तुम्ही आणि काकू. अशा कितीतरी गाड्या रस्त्यावर फिरतायत, हे खरं. पण काकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर एक तारीख आहे आणि विक्रीच्या फॉर्मवर तिच्या नंतरची तारीख पडणार आहे. दोन कागद कुणी शेजारी शेजारी ठेवायचा अवकाश.

सरळ वाट आहे आणि ती फार लांबची नाही. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. मृत्यूचा दाखला, आरसी, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून काकूंनी गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. मग काकूंकडून तुमच्या नावावर, त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. काकूंना दोन वर्षं झाली आहेत, तेव्हा उशिराबद्दल काही भरावं लागेल, पण तेवढ्यावरून काम अडत नाही. एजंट लावायला माझी हरकत नाही. हेलपाटे वाचतात, त्याचे पैसे घेतो तो. फक्त त्याला हेच काम सांगा, सही करायचं नव्हे. आणि मूळ आरसी त्याच्या हातात देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

काकू म्हणतील, एवढा उपद्व्याप कशाला, घेऊन जा गाडी, बघू नंतर. तेव्हा त्यांना शांतपणे एक गोष्ट सांगा. गाडी विकली, पैसेही घेतले, पण आरटीओच्या दप्तरी नाव जुनंच राहिलं, आणि त्या गाडीने कुणाला उडवलं, तर भरपाईसाठी कायदा आरसीवरचं नाव बघतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं आहे. इथे आरसीवरचा माणूसच हयात नाही, म्हणजे वकील थेट वारसांचं दार वाजवणार. नावावर करून देण्यात तुमच्यापेक्षा काकूंचं हित जास्त आहे, हे त्यांना एकदा उमगलं की पुढचं सोपं जाईल.

आता तुम्ही पाठवलेला आरसीचा फोटो. त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, खालच्या बाजूला एका पतसंस्थेचं नाव आहे. म्हणजे गाडी कर्जावर घेतली होती आणि बोजा अजून उतरवलेला नाही. कर्ज केव्हाच फिटलं असेल, पण कागदाला ते माहीत नाही. पतसंस्थेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ वर सही-शिक्का आणावा लागेल. आधी जाऊन बघा पतसंस्था उघडी आहे का. ती बंद पडली असेल तर अवसायकाला, म्हणजे तिचा कारभार गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याला, गाठावं लागतं, आणि ते काम तुमच्या १६ हजारांच्या नोकरीतल्या सुट्ट्या खाऊन टाकेल. तसं असेल तर मी म्हणेन, गाडी सोडा. सातारा शहरात दुसरी ॲक्टिव्हा मिळणार नाही अशी स्थिती नाही.

दुसरी गोष्ट, नोंदणीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि ही नोव्हेंबर २०२६ मध्ये संपते आहे. म्हणजे गाडी घेतल्याघेतल्या तुम्हाला ती पुन्हा पासिंगला न्यायची आहे. त्याचा अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत करायचा. दुचाकीला फी १ हजार रुपये, पर्यावरण कर वेगळा, आणि अर्जाला उशीर झाला तर दर महिन्याला ३०० रुपये जादा. पास झाली की पुढे पाच वर्षांची निश्चिंती. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने नवी सुरक्षा नंबर प्लेटही लागेल, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. ती नसेल तर आरटीओत बाकीची कामं अडवतात. विमा संपला असणारच. या ताकदीच्या गाडीला थर्ड पार्टीचा हप्ता ७१४ रुपये अधिक जीएसटी असा आहे. विमा नसताना पकडलं तर पहिल्याच वेळी २ हजार दंड. म्हणून तोवर "जरा पोवई नाक्यापर्यंत जाऊन बघते" हेसुद्धा नको. जी चाचणी घ्यायची ती सोसायटीच्या आवारात. जुन्या ई-चलनांची थकबाकी आहे का, तेही गाडीचा नंबर टाकून बघून घ्या.

हे सगळं वाचून दमला असाल. पण स्वस्त जुन्या गाडीत माणसं बुडतात ती बहुतेक कागदांपायी. यंत्राचं काय, ॲक्टिव्हाचा सुटा भाग मिळत नाही असं गाव महाराष्ट्रात शोधावं लागेल.

यंत्राकडे वळू. २०११ ची म्हणजे १०९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), पत्र्याची बॉडी, १० इंची चाकं. घरी शिकायला याहून बरी गाडी नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) गाड्यांत पेट्रोलचं इंजेक्शन आणि सेन्सर आले. तिथे पाना घेऊन बसण्यात फारसा अर्थ नसतो.

बंद गाडी बघताना पैसे द्यायच्या आधी एवढं करा. दिवसाउजेडी जा. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवून बघा. नंबरावर घासल्याच्या, पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर विषय संपला. मग खाली वाकून पाय ठेवायच्या जागेच्या तळाशी टॉर्च मारा. वरून चकचकीत असलेल्या गाड्या तिथे सडलेल्या असतात. वरवरचा तांबूस गंज चालेल. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केल्यावर पापुद्रे पडायला लागले किंवा सांगाड्याच्या नळीला भोक दिसलं तर घेऊ नका, वेल्डिंग करून देतो म्हटलं तरी. नंतर डबल स्टँडला लावून किक हळूच, हाताने दाबा. एका जागी हाताला अडथळा जाणवला पाहिजे. किक लोण्यातून गेल्यासारखी गेली तर इंजिनात दम उरलेला नाही. किक दगडासारखी अडली तर इंजिन जाम असू शकतं, आणि मग मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. ऑइलची काडी काढून बघा. काळं ऑइल चालेल, चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा, खट् वाजलं तर पुढच्या शॉकअपचे बुश किंवा हँडलचे बॉल रेसर गेलेत. हा खर्च फार नाही, पण भाव करताना बोलायला येतो.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. स्पीडोमीटरची केबल तुटली की आकडा तिथेच थांबतो आणि गाडी पळत राहते.

टायरवर एक चार आकडी शिक्का असतो. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी उभ्या गाडीचं रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. असे टायर पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर घसरतात. टायर बदलायचेच आहेत असं धरून हिशोब करा.

हिशोब असा. दोन टायर, बॅटरी, दोन्हीकडचे ब्रेक शू, बेल्ट, ऑइल, एअर फिल्टर, प्लग, एखाद-दुसरी केबल. आमच्याकडच्या बाजारभावाने हे साडेसहा ते आठ हजारांत बसतं, तुमच्याकडे शे-दोनशेचा फरक असेल. कागदपत्रं, प्लेट, विमा, पासिंग मिळून आणखी तीन-चार हजार धरा. म्हणजे १८ हजारांची गाडी रस्त्यावर येईपर्यंत २८-३० हजारांची होते, आणि तेवढ्यात चालू स्थितीतली गाडी मिळते. बंद गाडीला बंद गाडीचा भाव. मी असते तर ११ म्हटलं असतं आणि १२ पर्यंत गेले असते.

काकू शेजारच्या आहेत, रोज जिन्यात भेटणार, तेव्हा बाजारातल्यासारखी घासाघीस करू नका. वरची यादी दुकानदाराकडून भाव घालून घ्या आणि त्यांच्यासमोर ठेवा. हजाराचा इसार द्या, साध्या कागदावर लिहून घ्या: गाडी काकूंच्या नावावर झाल्यावर बाकीचे पैसे, नाही झाली तर इसार परत. आणि तेवढ्या काळात, त्यांच्या परवानगीने, गाडी चालू होते का ते बघायला सुरुवात करा. झाली चालू तर दोघींचं भलं.

भावाचं म्हणणं उडवून लावू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या काही हजारांनी उतरल्या, त्यामुळे जुनी गाडी जुन्या भावात घेणं तसंही शहाणपणाचं राहिलेलं नाही. तरी १६ हजारांत महिना अडीच-तीन हजारांचा हप्ता तीन वर्षं, हे मला तुमच्यासाठी जड वाटतं. पण तो एका बाबतीत बरोबर आहे: उद्यापासून रात्री साडेनऊला घरी पोहोचायला गाडी हवी असेल, तर ही गाडी ती नव्हे. हिला कागदांसह दोन-तीन महिने द्यावे लागतील. तेवढे रिक्षाचे पैसे सोसत असतील तरच यात पडा. जुनी इलेक्ट्रिक स्कूटर बघू नका. तिची किंमत बॅटरीत असते आणि बॅटरीची तब्येत बाहेरून कळत नाही.

घरी काय करायचं आणि काय नाही, यासाठी मी एकच कसोटी लावते. काम चुकलं तर गाडी सुरू होणार नाही, अशी कामं घरी. काम चुकलं तर गाडी थांबणार नाही किंवा चाक निखळेल, अशी कामं गॅरेजात. ब्रेक शू बदलणं, मागच्या चाकाची मोठी चाकी (नट), हँडलचे बॉल रेसर, पुढचे बुश हे सगळं मिस्त्रीकडे. शेजारी उभं राहून बघा, विचारा, दुसऱ्या वेळेला त्याच्या देखरेखीखाली स्वतः करा. "ताई, तुम्ही बसा तिकडं" असं म्हणणारा मिस्त्री भेटेल, तर दुसरा शोधा. शिकवणारे असतात, त्यांच्या वेळेचे पैसे द्यायचे. ब्रेक शूच्या ड्रममधली काळी भुकटी फुंकू नका, कुणाला फुंकूही देऊ नका. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसायची.

बेल्टचा डावीकडचा लांबट डबाही घरी उघडू नका. उघडायला सोपा आहे, म्हणूनच सांगते. आतली पुढची चाकी सोडवायला पुली धरून ठेवणारं हत्यार किंवा इम्पॅक्ट गन लागते. ते नसलं की लोक पुलीच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवतात आणि पाती मोडतात. शंभर रुपयांच्या मजुरीसाठी हजाराची पुली. गाडी जागेवरून निघताना थरथरत असेल तर दोष बहुतेक याच डब्यात, क्लचमध्ये आहे, एवढं मिस्त्रीला सांगता आलं तरी पुरे.

घरचं काम म्हणजे प्लग, एअर फिल्टर, ऑइल, बॅटरी, केबलींना ऑइल, दिवे-हॉर्न आणि तुमच्या गाडीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं, कार्बोरेटर. दोन वर्षं उभ्या गाडीचा आजार शंभरात नव्वद वेळा तिथेच असतो. पेट्रोल तसंही उडून मागे चिकट थर ठेवतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. २०११ चे रबरी पाइप आणि वायसर त्याचा विचार करून बनवलेले नाहीत. म्हणून पहिलं काम, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकणं. ते गटारात ओतू नका, गॅरेजवाला हात धुवायला, भाग धुवायला घेतो. हे काम उघड्यावर करा, आणि त्याआधी बॅटरीची वजा बाजूची वायर सोडा. रिकाम्या टाकीत टॉर्च टाकून बघा, तळाशी तांबडी माती दिसली तर टाकी धुवून घेतल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ आहे.

मग सीट आणि डिक्कीचा डबा काढायचा. बोल्ट कुठला कुठे होता ते लक्षात राहील असं प्रत्येकाला वाटतं. राहत नाही. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा आणि बोल्ट काढल्याच्या क्रमाने पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यात खोचा. डबा निघाला की एअर फिल्टरचा खोका नीट बघा. उभ्या गाडीत उंदीर घर करतात, कापूस आणि शेंगांची टरफलं सापडली तर आश्चर्य नको. पण मग वायरींवरही दात उमटलेत का ते बघा. फिल्टर कागदी आणि तेलकट असतो, तो धुवायचा किंवा हवा मारून साफ करायचा नाही, बदलायचा.

कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक निचऱ्याचा स्क्रू असतो. तो सैल केल्यावर जे येईल त्याचा वास घ्या. पेट्रोलऐवजी जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर निदान पक्कं. वाटीचे स्क्रू चार खाचांचे, पण जपानी घाटाचे असतात. आपला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यांत पूर्ण बसत नाही, उडी मारतो आणि खाच गोल करून टाकतो. नेमका बसेल असा घ्या, त्याच्या डोक्यावर हातोडीचे दोन हलके ठोके द्या, मग सगळा भार वरून देऊन फिरवा. वाटी निघाली की मध्ये दोन पितळी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकाच्या नळ्या, दिसतील, एक मोठा, एक बारीक. दोष बारक्यात. तो काढून उजेडासमोर धरा. भोक केसाएवढं असतं, पण स्वच्छ असेल तर उजेडाचा टिपका दिसतो. दिसला नाही तर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा, डोळ्यांवर चष्मा लावून. मग वायरीतली तांब्याची एक तार काढून हलकेच आत-बाहेर. टाचणी किंवा सुई अजिबात नको. पोलाद पितळेला खरवडतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल जास्त प्यायला लागते. बाजूला हवेचा स्क्रू आहे, त्याला हात लावायचाच असेल तर आधी तो अलगद आत फिरवत किती आटे जातो ते मोजून कागदावर लिहा, म्हणजे परत तिथेच आणता येईल.

व्हिडिओत हे सगळं सहा मिनिटांत होतं. त्यातला माणूस ते रोज करतो आणि अडकलेल्या स्क्रूचा भाग व्हिडिओतून कापून टाकलेला असतो. तुम्ही एक अख्खा रविवार धरा.

जोडण्याआधी प्लग काढा, भोकात इंजिन ऑइलचे थोडे थेंब सोडा आणि प्लग न लावता किक हळू मारत राहा. दोन वर्षं कोरड्या पडलेल्या सिलिंडरला तेल मिळतं. मग नवा प्लग. तो हाताने फिरवत बसवा. इंजिनचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा आहे, प्लग तिरका घुसला आणि पान्याने रेटला तर आटे जातात, आणि आटे गेले की हेड उतरवायची वेळ येते. हाच नियम ऑइलच्या बोल्टला. इंजिन जरा कोमट करून ऑइल काढायचं, आणि खालून सोडताना स्प्रिंग आणि जाळी बाहेर आली तर कोण आधी, कोण नंतर हे बघून ठेवायचं. ऑइल १०डब्ल्यू-३०, स्कूटरसाठी ८०० मिलीचा डबा मिळतो तोच आणा, पण सगळा ओतायचा असं नाही. सपाट जमिनीवर, डबल स्टँडला, काडी न आवळता नुसती टेकवून माप घ्यायचं. निघालेलं ऑइल डब्यात भरून गॅरेजवर द्या. मागच्या गिअरचं ऑइल वेगळं असतं, ते पुष्कळ लोक विसरतात.

जुन्या बॅटरीला चार्ज करून वेळ घालवू नका. दोन वर्षं सपाट पडलेली बॅटरी उठत नाही. नवी लावल्यावर एक मल्टिमीटर घ्या, तीन-चारशेत मिळतो. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू करून थोडा ॲक्सिलरेटर दिल्यावर १४ च्या जवळपास दाखवलं तर चार्जिंग ठीक आहे.

चालू झाली की सायलेन्सरकडे बघा. सुरुवातीला धूर येईलच, तुम्हीच आत ऑइल टाकलंय. दहा मिनिटांनी, गाडी तापल्यावरही ॲक्सिलरेटर दिला की निळसर धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात आणि इंजिन उघडावं लागणार. इसाराचा कागद याच क्षणासाठी लिहून घेतलेला असतो. काकूंना तो धूर दाखवा आणि भाव पुन्हा बोला, नाहीतर इसार परत घ्या.

ब्रेकची एक गोष्ट मात्र रोज तुमचीच. लिव्हर थोडी मोकळी जाऊन मग ब्रेक लागायला हवा. २००९ नंतरच्या ॲक्टिव्हात डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यामुळे मागचं चाक घट्ट करून पुढचं तसंच सोडलं तर तोल बिघडतो. ब्रेकच्या दांडीवर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो समोरच्या खुणेला भिडला की शू संपले, केबल आवळून दिवस काढायचे नाहीत. आणि ताज्या शूवर पहिल्याच रविवारी कासला जाऊ नका. यवतेश्वरचा घाट उतरताना ड्रम ब्रेक तापतात. सपाट रस्त्यावर शू आधी नीट बसू देत.

हत्यारांचा मोठा संच विकत घेऊ नका, त्यात निम्मे पाने वाया जातात. या गाडीला ८, १०, १२ आणि १४ चे लागतात, ११ आणि १३ पडून राहतात. लागणाऱ्या चार मापांचे टी-पाने, १६ चा प्लग पाना, एक चांगली पक्कड, दोन बरे स्क्रू ड्रायव्हर. सगळं मिळून हजार-बाराशे. डिक्कीत जादा प्लग, प्लग पाना आणि टॉर्च कायम ठेवा. रात्रीच्या रस्त्यावर तेवढं पुरतं.

आता आधी पतसंस्था, मग काकू, मग पाने. काकूंच्या मुलाची वारस म्हणून संमती लागेल. तो बाहेरगावी असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत येईल तेव्हा प्रतिज्ञापत्र करून घ्या, म्हणजे दोन्ही वेळा नाव बदलून झालं की पासिंगला सप्टेंबर-ऑक्टोबर मोकळे मिळतात. आणि गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे ते त्यालाच विचारा. बापाच्या गाडीची जादा किल्ली बहुतेक वेळा मुलाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात सापडते.